घरासाठी जनरेटर की इन्व्हर्टर, आणि जोडायचा कसा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. पहिली रात्र त्याने काढली, दुसऱ्या दिवशी टीं-टीं करत बसला, आणि मग कोपऱ्यात नुसता पडून राहिला. विहिरीला पाणी होतं, पंप होता, पण पाणी कळशीनेच ओढावं लागलं. तेव्हापासून कुणी विचारलं, "इन्व्हर्टर घेऊ की जनरेटर?" तर मी आधी एकच विचारतो: तुमच्याकडे वीज जाते ती तासांसाठी की दिवसांसाठी?

पुण्या-ठाण्यात दोन-चार तास जात असेल, तर इन्व्हर्टरच घ्या. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल आणायला नको. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास दाखवते, हाती हजार-बाराशे लागतात. दोन पंखे आणि चार-पाच एलईडी दिवे पाचेक तास चालतात. पण बॅटरी रिकामी झाली की ती भरायलाही वीजच लागते, आणि इथेच कोकणातलं गणित बिघडतं. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असाल, तर एक तपासा: बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला सोलर लाईन गेली की आपोआप बंद होतो. तो तसाच बनवलेला असतो.

वीज दिवसांसाठी जात असेल, किंवा घरचं पाणी पंपावर अवलंबून असेल, तर जनरेटर हवा. त्यातही दोन प्रकार आहेत.

साध्या पेट्रोल जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, मग एक दिवा लावा नाहीतर पंप. म्हणून तो सतत ओरडतो आणि कमी लोडवरही पेट्रोल खातो. दुसरा इन्व्हर्टर जनरेटर. नावात इन्व्हर्टर असला तरी हाही पेट्रोलवरच चालतो, पण लोड पाहून वेग कमी-जास्त करतो. त्याची वीज स्वच्छ असते, टीव्ही-लॅपटॉपला चांगली, आणि आवाज शेजाऱ्यांना सोसवेल इतका. मात्र तेवढ्याच ताकदीच्या साध्यापेक्षा तो बराच महाग पडतो, आणि मोटार सुरू होतानाचा झटका सोसायला त्याच्यात फारशी सवड नसते. सरळ ट्रिप होतो.

हा झटका नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. एक एचपीची मोटार चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट किंवा जास्तच मागते. दीड केव्हीएच्या (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप, एक म्हणजे जेमतेम हजार वॅट) जनरेटरवर ती लावली की इंजिनाचा सूर खाली बसतो, दिवे लालसर होतात, मोटार नुसती गुरगुरते. तेव्हा लगेच बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. पंपासाठी तीन केव्हीएच्या आसपासचा साधा जनरेटर घ्या. पाटीवरचा 'मॅक्सिमम' आकडा सोडा, 'रेटेड', म्हणजे सतत मिळणारा आकडा बघा. वाडीतला पंप थ्री फेज (तीन फेजच्या वायरींवर चालणारा) असेल, तर घरगुती सिंगल फेज जनरेटरवर तो चालणारच नाही. दुकानात जाण्याआधी मोटारीची पाटी वाचा. पंप नसेल, फक्त फ्रिज, पंखे, दिवे आणि मोबाईल असतील, तर दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर मला जास्त पटतो. तो एकट्याने उचलता येतो, साध्याला दोघे लागतात.

आमच्या घरी आता बॅटरीवरचा इन्व्हर्टरही आहे आणि जनरेटरही. लाईन नसली की जनरेटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. तेवढ्यात टाकी भरते, फ्रिज गार होतो आणि बॅटरीत रात्रीपुरता एक पंखा नि तीन दिवे निघतील इतका चार्ज जातो. घरातला इन्व्हर्टर जर जनरेटरकडून वीज घेतच नसेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वरून 'नॉर्मल'वर करून बघा. दिवसभर जनरेटर चालवायच्या भानगडीत पडू नका. वादळानंतर पेट्रोल पंपावरही वीज नसते.

आता जोडणी. याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे एक्स्टेन्शन. जाड तीन कोरची वायर, फ्रिज थेट त्यावर. वायर ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा, नाहीतर आत तापून वितळते. एक-दोन वस्तूंसाठी हे पुरेसं आहे. पण पंप आणि घरातले दिवे चालवायचे तर चेंजओव्हर स्विच लागतोच. एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एका वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा घ्या, आणि परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच अर्थिंगसकट बसवून घ्या.

तिसरी 'पद्धत' मी निसर्गनंतर एका घरात पाहिली: पिवळी वायर, दोन्ही टोकांना पिन, एक जनरेटरमध्ये आणि दुसरी भिंतीतल्या १५ अँपियरच्या सॉकेटात. ती पिन सॉकेटातून निसटली तर तिच्या उघड्या पितळेत २३० व्होल्ट असतात. आणि मेन स्विच पाडायचा राहिला, तर हीच वीज मीटरमधून उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन बाहेर पडते. तिकडे खांबावर लाईनमन असतो, लाईन मेलेली आहे असं समजून हात घालणारा. भर पावसात आपल्यासाठीच चढलेला. अशी वायर घरात असेल तर आजच कापून टाका.

जनरेटर पडवीत ठेवू नका, पाऊस असला तरीही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. घरापासून वीस फूट लांब, धुराचं तोंड खिडकीच्या उलट दिशेला, खाली फळी, वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं, लोड लावून चालवा. मग पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप विझू द्या, म्हणजे कार्बुरेटरमध्ये पेट्रोल साचून त्याचा चिकटा होत नाही. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओलही लवकर धरते. एवढं सांभाळलंत की जूनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला तो सुरू होतो.