खटले, निवडणूक आणि गेम थिअरी: आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचा माझा अनुभव

न्यू जर्सीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी अकरा वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची कायदेविषयक मदतनीस, आहे. फेडरल कोर्टात शंभरातला जेमतेम एखादा दिवाणी दावा ट्रायलपर्यंत पोचतो, बहुतेक आधीच मिटतात. मग तडजोड इतकी उशिरा, दोन्हीकडचे पैसे खर्चून झाल्यावरच का होते, हा प्रश्न मला कायम छळायचा. म्हणून २४० डॉलर भरून गेम थिअरीचा, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवण्याच्या शास्त्राचा, हा कोर्स घेतला.

पहिले दोन आठवडे ओळखीचेच, ते वेग वाढवून ऐकलं तरी चालेल. खरा कोर्स सुरू होतो तिसऱ्या आठवड्यातल्या सरावापासून.

त्यात मी वादी होते आणि ओहायोतल्या एक निवृत्त शिक्षिका प्रतिवादी. दावा २ लाख डॉलरचा. माझ्या कार्डावर जिंकण्याची शक्यता ६० टक्के लिहिलेली, त्यांच्या कार्डावर माझीच शक्यता ५० टक्के. कार्ड एकमेकींना दाखवायचं नाही. बोलण्याच्या चार फेऱ्या, आणि फुकट गेलेल्या प्रत्येक फेरीला दोघींचे दहा-दहा हजार वकिलांच्या फीत जाणार. चारही वाया गेल्या की ट्रायल. अमेरिकेत खटला जिंकला तरी आपली फी सहसा आपणच भरतो, त्यामुळे ते पैसे गेले ते गेलेच. सुरुवातीला मला ८० हजारांच्या वरचं काहीही परवडत होतं (२ लाखांचे ६० टक्के, वजा चार फेऱ्यांची फी) आणि त्यांना १ लाख ४० हजारांपर्यंत देणं (२ लाखांचे ५० टक्के, अधिक तेवढीच फी). मी दीड लाखापासून उतरत आले, त्या साठ हजारांपासून चढत आल्या. चौथ्या फेरीत मी १ लाख २० हजारांवर अडले, त्या १ लाखावर. कार्डं उघडल्यावर कळलं की आता एकाच फेरीची फी वाचवायची उरल्याने त्या फेरीला दोघींना परवडेल असा एकच आकडा उरला होता: १ लाख १० हजार. तो आमच्यापैकी कुणीच उच्चारला नव्हता. कार्ड लपवून घासाघीस करता करता तडजोडीची जागाच आम्ही फीत घालवली होती. माझ्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर अकरा वर्षांत मला कुणी दिलं नव्हतं.

हाच धागा पाचव्या आठवड्यात २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत, बुश विरुद्ध गोर लढतीतल्या फ्लोरिडात जातो, आणि हे व्याख्यान अप्रतिम आहे. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे, मशीनच्या फेरमोजणीनंतर फक्त ३२७. अध्यक्ष निवडणारी राज्याच्या वाट्याची २५ इलेक्टोरल मतं ज्याला, त्याला अध्यक्षपद. पुढे असलेल्याचं वेळ गेल्याने काही बिघडत नाही, मागे असलेल्याचं बिघडतं. काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) आपले आकडे राज्याकडे पाठवायची १४ नोव्हेंबरची मुदत गोरच्या वकिलांनी २६ पर्यंत वाढवून घेतली. पण राज्याने सगळे वाद मिटवायची शेवटची तारीख, १२ डिसेंबर, जागची हलली नाही. मिळालेले बारा दिवस निकालाला आव्हान देण्याच्या वेळातूनच गेले. बुश ५३७ मतांनी पुढे असा निकाल जाहीर झाला, ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर हाताने मोजणीचा आदेश दिला, दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली आणि १२ तारखेच्या रात्री ५-४ ने सगळं संपलं. त्या चार फेऱ्या खेळून झाल्या होत्या म्हणून हे मला आतून कळलं.

तक्रार आहे ती यापुढच्या भागाबद्दल. फक्त चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली ही गोरची घोडचूक, असं प्राध्यापिका ठामपणे सांगतात. पुरावा म्हणून देतात २००१ मधली वृत्तसंस्थांनी करवून घेतलेली मतपत्रिकांची तपासणी: चार काउंट्यांच्या मोजणीत बुशच पुढे राहिले असते, राज्यातल्या सगळ्या बाद मतांच्या मोजणीत गोर निसटते पुढे गेले असते. पण नोव्हेंबर २००० मध्ये हे आकडे कुणाकडे होते? कोणत्या क्षणी कुणाला काय माहीत होतं, यावर तर हे सगळं शास्त्र उभं आहे! शिवाय १५ नोव्हेंबरला गोरनी सगळ्या ६७ काउंट्या मोजायची तयारी दाखवली आणि बुशनी त्याच रात्री नाही म्हटलं, याचा उल्लेखही नाही. पुढे असलेला माणूस अशी ऑफर का नाकारतो, यावर अख्खा तास व्हायला हवा होता.

शेवटचे दोन आठवडे नुसती टीव्हीवरची चर्चा वाटते. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना फ्लोरिडात मिळालेल्या ९७,४८८ मतांना ‘चुकीची चाल’ म्हणणं मला अजिबात पटलं नाही. ते हजारो वेगवेगळे लोक होते, एका पटावरचा एक खेळाडू नव्हे.

तरी दाव्यांच्या कामात असाल तर तिसरा ते पाचवा आठवडा एवढ्यासाठीसुद्धा पैसे भरा. गेल्या महिन्यात आमच्या एका दाव्यात समोरून फेडरल दिवाणी नियम ६८ खालची तडजोडीची ऑफर आली. उत्तराला १४ दिवस, आणि नाकारून ट्रायलमध्ये त्याहून कमी मिळालं तर ऑफरनंतरचा कोर्टखर्च आपल्यावर. मी पहिल्याच दिवशी दोन रकाने आखले, आणखी एक महिना गेला तर आपला खर्च किती आणि त्यांचा किती, आणि कागद वकीलबाईंच्या टेबलावर ठेवला.