अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचे नाणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आणि माझी पत्नी इजिप्तला गेलो होतो. कैरो आणि लक्झर सहल कंपनीबरोबर पाहून झाले. अलेक्झांड्रियाचे दोन दिवस मात्र मी हट्टाने वेगळे काढले होते. आम्ही कोल्हापूरचे. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आमच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे आणि शाळेत इतिहास शिकवत असताना मी दरवर्षी मुलांना ती दाखवायला नेत असे. प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण या बंदरांतून निघालेला माल तांबड्या समुद्रातून व पुढे नाईलमार्गे ज्या शहरात पोहोचत असे, ते शहर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती. तिथे माझी जी फसवणूक झाली ती मला काही ठाऊक नव्हते म्हणून झाली नाही, थोडेसे ठाऊक होते म्हणून झाली. त्यामुळे ती सविस्तर लिहीत आहे.

कैरोच्या रामसेस स्थानकावरून सकाळच्या गाडीने आम्ही निघालो आणि सुमारे तीन तासांत अलेक्झांड्रियाला पोहोचलो. दिवस शुक्रवारचा होता. रम्ल स्थानकाजवळ, समुद्राकाठच्या रस्त्यावर घोडागाड्या उभ्या असतात. तिथे त्यांना हंतूर म्हणतात. एका म्हाताऱ्या गाडीवानाने आम्हाला पाहताच ‘इंदिया? अमिताभ बच्चन!’ असे म्हणून हात छातीवर ठेवला. या गाडीवानांविषयी मी आधीच पुष्कळ वाचले होते: ठरलेला भाव उतरताना माणशी होतो, घोड्याच्या चाऱ्याचे वेगळे पैसे मागतात, पौंड म्हणजे इंग्लंडचे पौंड असे ऐनवेळी सांगतात. म्हणून कायतबेच्या किल्ल्यापर्यंतचे दोघांचे मिळून दोनशे इजिप्शियन पौंड, असे मी कागदावर लिहून त्याला दाखवले. त्याने एका शब्दाचीही घासाघीस न करता मान डोलावली, आणि मी स्वतःवर खूश झालो.

आता कळते की शंका तिथेच यायला हवी होती. ज्याला गाडीभाड्यात कमवायचे असते तो भाड्यासाठी भांडतो. याची कमाई पुढच्या मुक्कामी ठरलेली होती.

किल्ला दिसू लागला तेव्हा त्याने घोडा थांबवला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले की, आज शुक्रवार, नमाजासाठी किल्ला दुपारी दोनपर्यंत बंद आहे. लांबून दरवाजाकडे पाहिले तर खरोखरच गर्दी दिसत नव्हती. दोन तास उन्हात काय करणार, असे म्हणून त्याने अन्फूशी भागात होड्या बांधतात ते पाहायला चला, असे सुचवले, आणि तेही फुकट. होड्यांचा कारखाना खरोखरच पाहण्यासारखा आहे. लाकडी सांगाडे आभाळाकडे फासळ्या करून उभे असतात आणि भुसा व रंगाचा वास दाटलेला असतो. तिथून दोन गल्ल्या आत त्याच्या ‘भावाचे’ दुकान होते. (किल्ला त्या वेळी उघडाच होता. दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर विचारले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याला माझा प्रश्नच समजेना. दरवाजापर्यंत आम्ही चार पावले चालत गेलो असतो तर पुढचे सगळे टळले असते.)

दुकानदार पन्नाशीचा, मृदू बोलणारा होता. जास्वंदीचे लाल सरबत आले. काचेच्या कपाटातल्या मूर्ती, भुंग्यांच्या आकाराचे ताईत, पपायरस या प्राचीन कागदाचे तुकडे यांच्याकडे मी पाहू लागताच तो स्वतःहून म्हणाला, ‘हे सगळे नकली आहे, पर्यटकांसाठी आहे, तुम्ही घेऊ नका.’ आपल्याच मालाला नकली म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि त्या एका वाक्याने मी त्याचा झालो. मग बोलता बोलता मीच पोसायडनच्या मूर्तीचा विषय काढला. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकून घेतले, दोन प्रश्नही विचारले आणि थोड्या वेळाने आतून फडक्यात गुंडाळलेले काहीतरी आणले. कुठलाही आग्रह नव्हता. ‘विकायचे नाही, फक्त दाखवतो, कारण तुम्ही जाणकार आहात.’

फडक्यात दोन हिरवट नाणी होती. एका बाजूला दाढीवाला सम्राट, दुसऱ्या बाजूला मजल्यामजल्यांचा मनोरा. मनोरा पाहताच माझे हात थरथरले. फारोस बेटावरचा दीपस्तंभ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात उभा राहिला, चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी तो पुरता कोसळला आणि त्याच जागी सुलतान कायतबेने १४७७ च्या सुमारास किल्ला बांधायला घेतला. दीपस्तंभ दिसत कसा होता याची कल्पना ज्यांवरून येते त्यांत रोमन काळात याच शहरात पाडलेली नाणी आहेत, हे मला ठाऊक होते. दुकानदार म्हणाला की, त्याच्या चुलतभावाच्या मासेमारीच्या जाळ्यात ती आली. हेही पटण्यासारखेच होते, कारण किल्ल्यालगतच्या समुद्रतळाशी १९९४ पासून पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांना दगडी खांब, स्फिंक्स, पुतळे असे हजारो अवशेष आढळले आहेत आणि तिथून काढलेला एका टॉलेमी राजाचा प्रचंड पुतळा नव्या ग्रंथालयासमोर उभा आहे. त्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीमागे एक खरी गोष्ट होती. खोटी होती ती फक्त नाणी.

मी किंमत विचारली. हो, मीच विचारली. त्याने बराच वेळ नाही नाही केले आणि मग दोन्ही मिळून दीडशे डॉलर सांगितले. आमच्या पौंडाचा भाव रोज पडतो म्हणून डॉलर, असे त्याने समजावले. रुपयांत ही रक्कम साडेबारा हजारांच्या घरात जाते. पत्नी मराठीत दोनदा म्हणाली, ‘अहो, आपण याचे काय करणार आहोत?’ मी तिला गप्प राहायची खूण केली, याची मला आजही लाज वाटते. पावती मागितल्यावर त्याने ती बिनतक्रार लिहून दिली, वर शिक्का मारला. गाडीवानाने आम्हाला परत आणून सोडले आणि ठरलेले दोनशेच घेतले.

रात्री हॉटेलच्या खोलीत दिव्याखाली मी नाणी शेजारी शेजारी ठेवली. आमच्या घरी देवाची तांब्यापितळेची भांडी पत्नीच घासते. तिने ओले बोट एका नाण्यावर फिरवले, बोट हिरवे झाले आणि नाण्यावर तांबूस पट्टा उमटला. ‘कळंक असा सुटतो का? चिंच लावून घासावे तेव्हा कुठे हलतो,’ एवढेच ती बोलली. मग मी चष्मा पुसून नीट पाहिले. दोन्ही नाण्यांवर सम्राटाच्या नाकाच्या शेंड्याशी मोहरीएवढा एकच खळगा होता. जागा तीच, आकारही तोच. दोन हजार वर्षे वेगवेगळ्या हातांत झिजलेल्या नाण्यांना एकसारखी इजा कशी होईल? दोन्ही एकाच साच्यात ओतलेली होती आणि कडेला साच्याची शिवण कानशीने घासलेली नखाला लागत होती. खरे नाणे ठशाखाली ठोकून पाडत, त्याच्या कडेला सहसा अशी शिवण नसते. मीही नख दुकानातच फिरवू शकलो असतो.

सकाळी पावती घेऊन स्वागतकक्षातल्या तरुणाकडे गेलो. माझा बेत पर्यटक पोलिसांकडे जाण्याचा होता. त्याने पावती वाचली आणि शांतपणे सांगितले की, यावर ‘तांब्याच्या शोभेच्या वस्तू, दोन’ असे लिहिले आहे आणि किंमत पाचशे पौंड आहे. अरबी आकड्यांत पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो. त्यामुळे आदल्या दिवशी मला त्या रकमेचा काहीच बोध झाला नव्हता आणि शिक्का पाहूनच मी समाधान मानले होते. पैसे हातात असतानाच ती पावती कुणा तिऱ्हाइताकडून वाचून घ्यायची, हे मला तेव्हा सुचले नाही. त्या तरुणाने पुढे विचारले, ‘पोलिसांना तुम्ही काय सांगणार?’ इजिप्तमध्ये १९८३ च्या कायदा क्रमांक ११७ नुसार पुरावस्तूंचा व्यापारही गुन्हा आहे आणि त्या देशाबाहेर नेणेही गुन्हा आहे. म्हणजे मला अस्सल नाणी विकली नाहीत, अशी तक्रार करायची तर मी अस्सल विकत घ्यायला आणि लपवून भारतात न्यायला तयार होतो, हे आधी कबूल करावे लागणार. दुकानदाराला हे पक्के माहीत होते. त्याच्या धंद्याचे खरे भांडवल साचा नव्हे, गिऱ्हाईकाची ही अडचण आहे. चौकशीला गेलेच असते तरी पावतीप्रमाणे त्याने शोभेच्या वस्तूच विकल्या होत्या.

शिवाय नाणी सोबत ठेवण्याचीही सोय नव्हती. कैरोच्या विमानतळावर सामान यंत्रातून जाते, आणि ही नकली आहेत हे तिथल्या अधिकाऱ्याला पटवून देईपर्यंत विमान सुटले असते. म्हणून मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीतल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली आणि आम्ही किल्ला पाहून आलो. संध्याकाळी परतलो तर खोली झाडणाऱ्याने दोन्ही नाणी उलगडून, पुसून, टेबलावर माझ्या चष्म्याच्या डबीशेजारी मांडून ठेवली होती. पुसल्यामुळे मनोरा चांगलाच लखलखत होता. दुसऱ्या दिवशी निघताना ती तिथेच राहू दिली आणि त्या माणसासाठी शंभर पौंडांची नोट खाली सरकवून ठेवली.