वेंबनाड तलाव फिरायचा तर हाउसबोट, शिकारा की सरकारी बोट?

केरळातल्या अलेप्पीचं ठरलं की पहिला फोन हाउसबोटवाल्याला जातो. आमचाही तसाच गेला होता. दोनदा जाऊन आल्यापासून ओळखीत कुणी तिकडे जाणाऱ्या नेत्रावती एक्स्प्रेसचं तिकीट काढलं की मी त्याला एवढंच सांगतो, बुकिंगचे पैसे भरण्याआधी एकदा माझ्याशी बोल. हाउसबोट वाईट असते असं माझं म्हणणं नाही. पण तुम्हाला पाण्यावर राहायचंय की तलाव फिरायचाय, हे आधी मनाशी ठरवलेलं बरं. दोन्हीचे पैसे वेगळे आणि आनंदही वेगळा. आम्ही पहिल्याचे पैसे भरले आणि अपेक्षा दुसऱ्याची ठेवली.

वेंबनाड अलेप्पीपासून कोचीपर्यंत पसरलेला आहे, लांबी सुमारे ९६ किलोमीटर. एवढं पाणी एका मुक्कामात बघून होत नाही. म्हणून स्वतःची बोट नसताना, खिशाला झेपेल अशा बेताने त्यावर फिरायचं कसं, एवढ्याच अंगाने हे लिहितोय.

पहिल्या खेपेला आम्ही चौघं होतो. मी, बायको, मुलगा आणि आई. एका रात्रीचे जेवणखाण धरून दहा हजार दिले. दुपारी बाराला बोटीत बसलो. खोली स्वच्छ होती, आचाऱ्याने केळीच्या पानात भाजलेला करीमीन वाढला, आई माशाच्या बाबतीत सहजी खूश होणारी नाही पण तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. इथवर तक्रारीला जागा नव्हती. मग साडेपाचला बोट काठाला लागली आणि नारळाच्या बुंध्याला दोर बांधला गेला. आता उद्या सकाळी आठला निघू, असं सांगितलं.

नियमच तसा आहे आणि योग्यच आहे. संध्याकाळनंतर मच्छीमार जाळी टाकतात, हाउसबोटी हिंडत राहिल्या तर त्यांच्या पोटावर पाय येईल. पण बुकिंग करताना हे आमच्याशी कुणी बोललं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. हिशेब करून बघा. बारा ते साडेपाच, त्यात जेवणासाठी तासभर मुक्काम. दुसऱ्या दिवशी आठला निघून नऊला परत धक्क्यावर. एकवीस तासांच्या भाड्यात बोट जेमतेम साडेपाच तास चालली.

तेही चाललं असतं, पण रात्र जड गेली. आमच्या डाव्या-उजव्या हाताला आणखी सात-आठ बोटी ओळीने लागल्या होत्या आणि प्रत्येकीवर एसीसाठी जनरेटर. आई पुढच्या खुर्चीत नाकाला पदर लावून बसली होती. साडेसातच्या सुमाराला अंधारातून एक उजळलेली लांबट बोट आली. दोन्ही बाजू उघड्या, आत बाकांवर माणसं, कुणाच्या मांडीवर भाजीची पिशवी, एक मुलगी दप्तराला टेकून झोपलेली. पाहता पाहता ती पलीकडच्या कालव्यात शिरली. मुलाने विचारलं, ‘‘बाबा, ती कशी काय चालली?’’ आचारी म्हणाला, ती सरकारी आहे, कोट्टयमहून आली. आम्ही दहा हजार देऊन झाडाला बांधलेले आणि ती बिचारी माणसं काही रुपयांत तलाव ओलांडून घरी चाललेली. माझा निर्णय खरं तर त्या क्षणीच झाला होता.

शिकाऱ्याचं मात्र मी मनापासून चांगलंच सांगेन. नाव काश्मिरी, बोट इथलीच. छत, ऐसपैस खुर्च्या, आणि भाडं तासावर. आम्ही तासाला आठशे दिले, थोडी घासाघीस करून. मोठ्या हाउसबोटींना जिथे वळताही येत नाही, त्या अरुंद कालव्यांत शिकारा शिरतो. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या दिसतात, पायरीवर कुणी भांडी घासत असतं, कुणी बदकं हाकत असतं. गुडघे धरलेल्या माणसाला चढायला-उतरायलाही तो सोपा. त्याची अडचण एकच, सारखं घड्याळाकडे लक्ष जातं. तासाभरात पुन्नमडाचं पाणी, म्हणजे नेहरू ट्रॉफीच्या नौकांच्या शर्यती होतात तो भाग, आणि दोन कालवे एवढंच होतं. खरा मोठा तलाव बघायचा तर चार-पाच तास घ्यावे लागतात आणि मग ते भाडं स्वस्तात मोडत नाही. वल्ह्याची छोटी होडी याहून शांत. होमस्टेवाले ओळखीचा नावाडी बोलावून देतात. पण ती गल्लीबोळांसाठी, भर तलावात तिचं काम नाही.

कोचीकडचं टोक बघणार असाल तर तिथे २०२३च्या एप्रिलपासून वॉटर मेट्रो आहे. बॅटरीवर चालणारी, वातानुकूलित, वेळेला पक्की. वयस्कर माणसांना आणि व्हीलचेअरला याहून सोयीचं काही मला दिसलं नाही. मला स्वतःला काचेआडून पाणी बघण्यात रस वाटत नाही, पण ती माझी आवड झाली.

आता सरकारी बोट. केरळचं राज्य जलवाहतूक खातं १९६८ पासून आहे आणि त्याच्या बोटी म्हणजे तिकडची एसटीच. अलेप्पीचा धक्का बसस्टँडच्या अगदी जवळ आहे. तिथून कोट्टयमची बोट अडीच तासांच्या आसपास घेते आणि माणशी तिकीट आम्हाला पन्नासच्या आत पडलं. दुसऱ्या खेपेला मी आणि बायको दोघंच गेलो, राहायला जमिनीवरची साधी खोली घेतली आणि तीन दिवस या बोटींनी हिंडलो. तिन्ही दिवसांचा बोटींचा खर्च आधीच्या हाउसबोटवरच्या एका जेवणाएवढाही झाला नसेल.

पैसे वाचले हे खरं, पण पुन्हा जायचं ते त्यासाठी नाही. कोट्टयमच्या वाटेवर बोट कुट्टनाडच्या भातखाचरांना लागून जाते. ही शेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तलाव मागे हटवून, बांध घालून, आतलं पाणी उपसून ती केलेली. आर ब्लॉक नावाच्या अशाच एका शेतपट्ट्याच्या बाजूला बोटीत उभं राहिलं की बांधापलीकडे मान खाली घालून शेत बघावं लागतं, पाणी वर आणि भात खाली. सांगलीकडे पुराच्या पाण्याची उंची मोजत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे बघून पोटात गोळा आला. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला जागतिक कृषी वारशाचा मान दिला. तो वारसा कसणारी माणसं त्याच बोटीत तुमच्या शेजारी खताची पिशवी घेऊन बसलेली असतात.

बोट चालवण्याची रीतही बघण्यासारखी. पुढे सुकाणूवर स्रांक, म्हणजे आपल्या कोकणातल्या सारंगाचाच भाऊबंद. इंजिनवाला वेगळा, त्याला पुढचं काही दिसत नाही. स्रांक दोरी ओढतो, इंजिनापाशी घंटा वाजते आणि त्या ठोक्यांवर तो वेग कमी-जास्त करतो. धक्का आला की खलाशी खांबाला दोराचा फास टाकतो, बायका पिशव्या सावरत उतरतात, आणि पुढच्या मिनिटाला बोट सुटलेलीही असते. मी तासभर तेच बघत बसलो होतो.

भर तलाव ओलांडायचा तर मुहम्मा ते कुमरकोम घ्या. पाऊण तासाच्या आतबाहेरचा प्रवास, मध्ये पातिरामणल बेट दिसतं आणि दोन्ही काठ दूर जातात. याच मार्गावर २७ जुलै २००२ रोजी बोट बुडून २९ जणांचा जीव गेला होता. हे सांगून भीती घालायची नाही, पण बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढची घ्यावी. आम्ही एकदा तसं केलं आणि वाट बघण्यात काही बिघडलं नाही.

उत्तरेला वैकोमहून तवणक्कडवूला ‘आदित्य’ जाते. २०१७च्या जानेवारीत सुरू झालेली ही देशातली पहिली सौर फेरीबोट, ७५ माणसांची. पंधरा-वीस मिनिटांचाच प्रवास, पण इंजिनाचा घरघराट नाही, धूर नाही. बायको म्हणाली, आईंना हिच्यात बसवायला हवं होतं. मला ती जनरेटरची रात्र आठवली. ज्याच्या भोवतालच्या रस्त्यांवरून सगळ्या जातींना चालता यावं म्हणून १९२४चा सत्याग्रह झाला ते वैकोमचं महादेव मंदिर धक्क्यापासून चालत जाण्यासारखं आहे. तेवढी सकाळ राखून ठेवा.

सरकारी बोटीच्या अडचणीही सांगायला हव्यात. स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका, अडीच तासांच्या प्रवासात लहान मुलं आणि मधुमेहाची माणसं असतील तर याचा विचार करावाच लागेल. मोठ्या बॅगा घेऊन चढू नका, जागाही नसते आणि उतरताना लोकांचा खोळंबा होतो. बोटीवरच्या पाट्या बहुतेक मल्याळममध्ये. आम्ही खलाशाला ‘कोट्टयम?’ एवढंच विचारायचो आणि तो मान हलवायचा. कोट्टयमच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच आहेत. जलपर्णी फार झाली किंवा कालव्यावरच्या पुलाचं काम निघालं की बोट अलीकडेच थांबते आणि पुढे रिक्षा करावी लागते.

नवं लग्न झालेलं जोडपं असेल, किंवा घरचे सगळे एकत्र जमलेत आणि पाण्यावर एक रात्र हवीच आहे, तर हाउसबोट करा. फक्त बोट किती वाजता बांधणार, एसी किती वाजता सुरू होणार आणि रात्री शेजारी किती बोटी असतील, हे तीन प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. आईला पुन्हा नेईन तेव्हा माझा बेत मात्र ठरलेला आहे. मुक्काम कुमरकोमच्या काठावर, सकाळी ऊन चढण्याआधी तासभर शिकारा, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, हाउसबोटी बांधल्या गेल्या की, मुहम्म्याची सरकारी बोट. जाऊन पलीकडे चहा घ्यायचा आणि परत यायचं. तेवढं करताना धक्क्यावरच्या खिडकीत परतीची शेवटची बोट कितीची ते आधी विचारून ठेवायचं. ती चुकली तर तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्यावरून रस्ता आहे, पण तो वळसा मोठा पडतो.