सोमूरची भुयारी गावं : बघायला दहापैकी नऊ, राहायला पाच

फ्रान्समध्ये लुआर नदीचं खोरं म्हटलं की टूरवाले राजवाडे दाखवतात. नाशिकात आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली, त्यांच्या कागदावरही सकाळी एक राजवाडा, दुपारी दुसरा असंच होतं. मी म्हटलं, त्यातले दोन काढा आणि सोमूर शहराच्या आसपासची भुयारी गावं घाला. त्यात माझा स्वार्थ होता. दिंडोरी तालुक्यात माझी वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, जास्त करून चेनिन ब्लाँ, आणि हे वाण मूळचं त्याच मुलखातलं. एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि मे महिन्यात आम्ही नवरा-बायको निघालो.

आधी तिथला दगड समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळतं. त्याला तुफो म्हणतात. सायीच्या रंगाचा चुनखडक, इतका मऊ की भिंतीवरून हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागते. सोमूरचा किल्ला याच दगडाचा, जवळचा फॉन्तव्रोचा मठही याचाच. वर राजवाडे चढत गेले तसा नदीकाठचा डोंगर आतून पोखरत गेला, आणि उरलेल्या पोकळीत माणसांनी घरं केली, वाईन ठेवली, अळिंबी पिकवली. आपली पांडवलेणी भिक्षूंसाठी कोरलेली, आणि तीही कठीण काळ्या कातळात. इथे दगडाचा धंदा आधी झाला, बिऱ्हाड नंतर आलं.

मला सगळ्यात आवडलं ते मात्र डोंगरातलं नाही, सपाटीवरचं गाव. रोशमेनिए. सोमूरहून गाडीने साधारण अर्धा तास. शेतातून जाताना गाव आलंय हे लक्षातच येत नाही, कारण जुनं गाव सगळं जमिनीखाली आहे आणि वर धुराडी तेवढी दिसतात. डोंगर नव्हता म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी आधी खड्डा खणून अंगण केलं आणि मग अंगणाच्या चारही बाजूंनी आडव्या खोल्या काढल्या. हा दगड वेगळा, फालां नावाचा, प्राचीन समुद्रातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यापासून झालेला. नीट पाहिलं तर भिंतीत शिंपल्यांचे तुकडे दिसतात. दोन जुन्या शेतघरांच्या मिळून वीसेक खोल्या आता संग्रहालय म्हणून उघड्या आहेत: स्वयंपाकघर, गोठा, कोठार, जमिनीखालचं प्रार्थनाघर. टिकावाचे घाव अजून स्पष्ट दिसतात.

या भागातल्या तळघरांची एक युक्ती माझ्या डोक्यातून जाईना. छताला वरच्या जमिनीपर्यंत एक भोक पाडलेलं असतं. बैलगाडी वर रानात उभी करायची आणि द्राक्षं त्या भोकातून थेट खाली रस काढायच्या घाण्याजवळ ओतायची. उचलाउचल नाही, क्रेटची थप्पी नाही. आणि आत बारा महिने तापमान 12-13 अंशांच्या आसपास. आपल्याकडे वाईनरीत हेच तापमान राखायला केवढं वीजबिल येतं ते विचारा कुणाला तरी. आमची मंडळी मात्र दहा मिनिटांत कुडकुडायला लागली. मे असो नाहीतर जुलै, स्वेटर हवाच.

तुरकां या गावी डोंगरातल्या जुन्या घरांत आता कारागिरांची दुकानं आहेत. निम्मी बंद होती. पण तिथला 'पॉम तापे' चुकवू नका. सफरचंद सोलून भट्टीत सावकाश वाळवायचं आणि मग ठोकून चपटं करायचं. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेराच्या किडीने द्राक्षबागा बसल्या तेव्हा या धंद्याने तिथल्या लोकांना हात दिला. आपण खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर, कलम करतो ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. त्यांना या किडीपायी अमेरिकन खुंट धरावा लागला. हे आठवून ते सफरचंद चघळताना जरा वेगळंच वाटलं. चव म्हणाल तर बेदाण्यापेक्षा आंबट, चिवट. मला आवडली, मंडळींना नाही.

जेवण गुहेतल्याच एका खानावळीत. इथली खासियत 'फुए'. लाकडाच्या भट्टीत पिठाचा गोळा टाकतात, तो भाकरीसारखा टम्म फुगतो, की लगेच चिरून आत घेवड्याच्या पांढऱ्या दाण्यांची उसळ, अळिंबी किंवा बकरीच्या दुधाचं चीज भरायचं. गरम गरम येत राहतात, तुम्ही थांबा म्हणेपर्यंत. सोबत 'रियेत' म्हणून एक वाटी येते, ते बहुधा डुकराचं मांस असतं. मंडळी माळकरी, म्हणून बसतानाच सांगून टाकलं. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता वाटी उचलली आणि अळिंबी दुप्पट आणून ठेवली. पैसे वसूल.

आता मुक्कामाचं. गुहेतली खोली म्हणून हौसेने घेतली होती, आणि फोटोत ती झकासच दिसते. प्रत्यक्षात चादरी ओलसर, भिंतीला टेकलं की शर्ट पांढरा, फोनला रेंज नाही आणि एकच खिडकी. कपडे वाळत घातले तर सकाळी आणखी ओले. मालकाने हीटर दिला, पण तो रात्रभर घरघरत होता. भाडं चांगल्या हॉटेलइतकं. हौस असेल तर एक रात्र काढा. दमा किंवा संधिवात असेल तर सोमूर शहरात साधं हॉटेल बघा.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते, बसच्या भरवशावर ही गावं होत नाहीत. रोशमेनिए हिवाळ्यात काही काळ बंद असतं, निघण्याआधी तारखा बघून घ्या. पायऱ्या खूप आहेत आणि दारं बुटकी. द्राक्षवाल्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरात जमवावं, तेव्हा त्यांची तोडणी चालू असते. आपली ऑक्टोबर छाटणी आडवी येते, हा भाग वेगळा. त्यासाठी बाग सांभाळणारा भाऊ हवा.