जुना रिसीव्हर, नवा फोर-के टीव्ही: बॉक्स कुठे जोडायचा?

टीव्ही नवा घेतला, पण साउंडचा रिसीव्हर जुना आणि अजून ठणठणीत. मग स्ट्रीमिंग बॉक्स रिसीव्हरमधून न्यायचा, थेट टीव्हीला जोडायचा, की टीव्हीतली ॲप्सच पुरेत?

रिसीव्हरमधून नेलं की सगळ्या वायरी एका जागी येतात आणि आवाजही उत्तम मिळतो. घोळ होतो तो चित्राचा. एचडीएमआयवरून संरक्षित चित्र सोडण्याआधी बॉक्स पुढच्या यंत्राची एचडीसीपी ओळख तपासतो. एचडीसीपी म्हणजे चित्राची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप. फोर-के सिनेमांना सहसा एचडीसीपी २.२ लागतं. वाटेतलं एक यंत्र जरी एचडीसीपी १.४ वर अडलेलं असेल तर चित्र फुल एचडीवर उतरतं, नाहीतर येतच नाही. माझ्याकडे बॉक्सचा मेनू लख्ख दिसायचा आणि सिनेमा लावला की पडदा काळा. मी दोन केबल बदलल्या. दोष मधल्या रिसीव्हरचा होता, आणि तो सॉफ्टवेअर अपडेटने सुटणारा नव्हता, कारण एचडीसीपीची आवृत्ती बहुतेक वेळा चिपवरच ठरलेली असते. याचा मला मनापासून राग येतो. एचडीसीपी १ ची मास्टर की, म्हणजे या कुलपाची मूळ किल्ली, २०१० मध्येच फुटली, त्यामुळे कॉपी करणाऱ्याला वाट मोकळी झाली. अडकतो तो रीतसर पैसे भरणारा, आणि चांगलं चालणारं यंत्र त्याला मोडीत काढावं लागतं.

बॉक्स थेट टीव्हीला लावला की चित्राच्या वाटेत रिसीव्हर येतच नाही. आवाज एआरसीवरून, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उलट्या दिशेने, परत रिसीव्हरला पाठवायचा. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. रिसीव्हरला ती नसेल तर ऑप्टिकल केबल लावा. तिच्यातून डॉल्बी डिजिटल ५.१ हा सराउंड आवाज जातो, वरूनही आवाज आल्यासारखा वाटणारा डॉल्बी ॲटमॉस जात नाही. मात्र टीव्हीचं पोर्ट बघून निवडा. सुरुवातीच्या काही फोर-के टीव्हींना एचडीसीपी २.२ एकाच पोर्टवर होतं, आणि खोक्यावर 'एचडीएमआय २.०' छापलंय म्हणून २.२ असेलच असं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये एचडीसीपीचा आकडा वेगळा शोधा.

टीव्हीतल्या ॲपचं चित्र केबलमधून जात नाही, म्हणून ही कटकटच नाही. पण काही वर्षांनी ॲप्सचे अपडेट थांबतात, टीव्ही मात्र चालूच असतो.

रिसीव्हर २.२ चा असेल तर बिनधास्त त्याच्यातून न्या. नसेल तर बॉक्स थेट टीव्हीला. माझा जुना रिसीव्हर अजून रोज वाजतोय, फक्त आवाजासाठी.