फोटोरेक: आत्याच्या पेनड्राइव्हमधले फोटो आणि ओव्या परत मिळाल्या

आत्याचा पेनड्राइव्ह लावला की विंडोज एकच म्हणायचं, आधी फॉरमॅट करा. आणि आत काय, तर आजीचे फोटो आणि तिने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, दुसरी कॉपी कुठेच नाही. तुम्हाला असा मेसेज आला तर कॅन्सल करा आणि त्या पेनड्राइव्हवर काहीही नवीन टाकू नका, बाकी सगळं नंतर.

बरीच रिकव्हरी सॉफ्टवेअर स्कॅन फुकट करतात, फायलींची यादी दाखवून आशा लावतात आणि सेव्ह करायला गेलं की पैसे मागतात, त्याचा मला फार राग येतो. फोटोरेक तसं नाही. ख्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेलं, ओपन सोर्स, पूर्ण मोफत, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं. त्याच डाउनलोडमध्ये टेस्टडिस्क नावाचं जोडीचं रिकव्हरी सॉफ्टवेअर पण येतं आणि आधी तेच चालवून बघा, कारण त्यात फायली दिसल्या तर नावं आणि फोल्डरसकट कॉपी होतात. आमच्या केसमध्ये तिथे काहीच दिसलं नाही म्हणून फोटोरेक.

फोटोरेक फोल्डर, फाइल टेबल (कुठली फाइल कुठे आहे याची यादी) वगैरे बघतच नाही, सरळ सगळा डेटा वाचत जातं आणि फाइलची सुरुवात ओळखतं, म्हणजे जेपेग असेल तर एफएफ डी८ एफएफ हे बाइट दिसले की इथून फोटो सुरू झाला. त्यामुळे फाइल सिस्टीमचं, म्हणजे फायलींच्या मांडणीचं, वाटोळं झालं असलं तरी फोटो निघतात. पण नावं जातात! सगळं रिकप डीआयआर नावाच्या फोल्डरांमध्ये आकड्यांच्या नावाने येऊन पडतं, टी ने सुरू होणाऱ्या फायली म्हणजे फोटोंचे बारके थंबनेल, ते आधी उडवा, मग उरलेलं एकेक उघडून बघत बसायचं. फोटो जवळपास सगळे मिळाले, ओव्यांच्या एमपी३ पण मिळाल्या, आत्या ऐकताना रडायलाच लागली. मोठे व्हिडिओ मात्र अर्धवट आले, फाइल तुकड्यांमध्ये विखुरलेली असली की याला ती नीट जोडता येत नाही.

फोटोरेकची स्क्रीन काळी, माऊस चालत नाही, नवख्या माणसाला भीती वाटेल अशी आहे. क्यूफोटोरेक म्हणून खिडकीवालं व्हर्जन सोबतच येतं, ते घ्या. आणि पेनड्राइव्ह मध्येच अडकत, डिस्कनेक्ट होत असेल तर आधी लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने त्याची पूर्ण इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, काढून घ्या आणि फोटोरेक त्या इमेजवर चालवा, मरायला टेकलेल्या ड्राइव्हला परत परत वाचायला लावू नका. मिळालेल्या फायली कायम दुसऱ्या डिस्कवरच सेव्ह करा.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नो मीडिया किंवा शून्य बाइट दाखवत असेल तर बहुतेक कंट्रोलर (पेनड्राइव्ह चालवणारी चिप) गेलाय, मग फोटोरेकच काय कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही. नुसता यूएसबीचा कनेक्टर हलला असेल तर सोल्डरिंगचा चांगला हात असलेला माणूस जोडून देतो, पण कंट्रोलर गेला तर डेटा रिकव्हरी लॅबमध्ये मेमरी चिप काढून थेट वाचावी लागते, आणि कंट्रोलर डेटा उलटापालटा करून लिहीत असल्याने तो परत जुळवणं किचकट आणि महाग काम आहे. तिथे देण्याआधी डेटा नाही मिळाला तर पैसे लागतील का हे स्पष्ट विचारून घ्या, आणि आधी फायलींची यादी दाखवायला सांगा.