झडतीचे हातमोजे : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

ब्लेडनं हात कापू नये म्हणून घालायचे हे मोजे चांगले आहेत. एक जोडी फाटेपर्यंत वापरली, दुसरी चालू आहे आणि तिसरी लागली तर हीच घेईन. पण आपल्यातले बहुतेक जण ज्या भीतीपोटी असले मोजे घेतात, म्हणजे झडती घेताना सुई टोचेल या भीतीपोटी, ती भीती यांनी जात नाही. जाहिरातीत काहीही छापलेलं असो. हे कळायला मोज्याच्या पाठीवरचा कोड वाचता यायला हवा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी कारागृह शिपाई. घर सांगलीत, विश्रामबागेत. सध्या ड्युटी कुठं आहे त्याचा इथं संबंध नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण एकसारखाच माल वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकला जातो. कोड बघून घ्या, नाव बघून नको.

सांगलीत जेलची नोकरी म्हटलं की गप्पांची गाडी २४ जुलै १९४३ वर जातेच. वसंतदादांनी साथीदारांसह इथला तुरुंग फोडला तो दिवस. लग्नात भेटलेला पाहुणाही विचारतो, "आता कोण पळतं का हो?" पळणारा क्वचित. रोजचं काम म्हणजे झडती. कोर्टातून परत आलेला बंदी, नव्यानं दाखल झालेला, मग मध्येच एखाद्या बरॅकची अचानक झडती. अख्खी ड्युटी दुसऱ्याच्या कपड्यांत, अंथरुणात, पिशव्यांत हात घालण्यात जाते. कुठं अर्धं ब्लेड सापडतं, कुठं फरशीवर घासून धार काढलेला चमचा, कुठं पत्र्याची पट्टी. लागतं ते बोटांना. आणि लागलं तरी पट्टी बांधून माणूस पुन्हा गेटवर उभा असतो, त्यामुळं त्याचा कुठं फारसा बोभाटा होत नाही.

या मोज्यांचा सल्ला मिळाला तो दाजींकडून. ते कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला आहेत. माझे कापडी मोजे बघून म्हणाले, "पाव्हणं, आमच्यात असलं घालून कुणाला मशीनजवळ उभंपण करत न्हाईत." दुसऱ्या दिवशी शंभर फुटी रोडला जाऊन जोडी आणली, साडेतीनशेच्या आसपास पडली. ऑनलाइन याहून स्वस्त दिसतात, पण हातात घालून बघितल्याशिवाय माप कळत नाही आणि झडतीच्या मोज्यात मापच निम्मं काम करतं. बोटाच्या टोकाला जरा जरी जागा मोकळी राहिली तरी काही जाणवत नाही.

आता कोड. मोज्याच्या पाठीवर ढालीच्या आकाराची चौकट आहे, आत हातोड्याचं चित्र, त्याखाली 'ईएन ३८८:२०१६' (हे हातमोज्यांचं युरोपीय मानक) आणि पुढं '४एक्स४२डी'. पहिला आकडा घासून झिजण्याचा. त्यात ४ म्हणजे सर्वात वरची पायरी. दुसरी जागा जुन्या कापण्याच्या चाचणीची. त्यात गोल पातं मोज्यावर मागंपुढं फिरवतात. पण सुतात काचतंतू किंवा स्टीलची तार असली की पातंच बोथट होतं आणि निकालाचा भरवसा राहत नाही, म्हणून तिथं एक्स लिहिलेला असतो. तिसरा आकडा फाटण्याचा, चौथा भोक पडण्याचा. सगळ्यात शेवटचं अक्षर नवीन चाचणीचं. सरळ पातं एका ओढीत मोजा कापायला किती जोर लागतो ते यात मोजतात. ए म्हणजे २ न्यूटन, बी ५, सी १०, डी १५, ई २२ आणि एफ ३०. डी म्हणजे ढोबळमानानं दीड किलो वजनाच्या दाबानं पातं ओढलं तरी मोजा टिकतो. ब्लेडचा तुकडा किंवा पत्र्याची कड यांच्यासाठी मला हे पुरेसं वाटतं. ए किंवा बी घेण्यात अर्थ नाही. एफ घेतलेला एक सहकारी आहे, त्याचा मोजा जाड आहे आणि तो झडतीच्या वेळी काढूनच ठेवतो.

खरी गोम चौथ्या आकड्यात आहे. माझ्या मोज्यावर तिथं २ आहे, म्हणजे भोक पडायला किमान ६० न्यूटन जोर लागला. ऐकायला भारी वाटतं. पण ही चाचणी ज्या सळईनं घेतात ती साडेचार मिलिमीटर जाड असते, चांगल्या मोठ्या खिळ्यासारखी. इंजेक्शनची २५ गेजची सुई अर्ध्या मिलिमीटरची. मोजा विणलेला आहे. त्यामुळं सुई धागा कापतच नाही, दोन धाग्यांच्या मधून सरकते. पहिली जोडी बाद झाल्यावर तिचा तळवा थर्माकोलवर अंथरला आणि घरातली शिवणाची सुई वरून टेकवली. पोलादी धागा असूनही चिमटीच्या जोरानं आरपार गेली. वरचं पीयूचं (पॉलियुरेथेनचं) लेपन तिला जाणवलंसुद्धा नाही. आणि याच मोज्यांच्या ऑनलाइन जाहिरातीत 'सुई-रोधक' असं ठळक लिहिलेलं आहे. कंपनीला विचारलं, तर उत्तरात पुन्हा तोच ४एक्स४२डी कोड पाठवला.

सुईसाठी वेगळी चाचणी असते, एएसटीएम एफ२८७८ या अमेरिकी मानकाची. ती खऱ्या इंजेक्शनच्या सुयांनी घेतात. ती उतरलेले मोजे मिळतात, पण किंमत कितीतरी पट जास्त. एक जोडी सहकाऱ्याकडून घालून बघितली. तळव्याला संरक्षण चांगलं, पण बोटं वाकवताना जोर लागतो आणि बोटांच्या मधल्या बाजू बऱ्याचदा उघड्याच असतात. त्याही मोज्यांवर रोधक लिहितात, अभेद्य लिहीत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग हे मोजे घालून झडती घ्यायची कशी? हात सरकवायचा नाही, दाबत जायचं. खिसे बंद्यालाच उलटे करायला लावायचे. विजारीच्या नाडीची पट्टी बोटांनी चाचपत ओढली की आत काही असेल तर ते टोचणारच, तीच पट्टी बाहेरून चिमटीत धरून थोडी थोडी दाबली तर आधी कडक काहीतरी लागतं आणि माणूस थांबतो. चादर, ब्लँकेट दोघांनी चारी टोकं धरून फरशीवर झटकायची. खिडकीच्या वरचा कट्टा, संडासाच्या दाराची वरची कड इथं बोटं फिरवायची सवय सगळ्यांनाच असते. तिथं आरसा आणि टॉर्च. आरसा मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी, मोटारसायकलचा जुना आरसा काठीला बांधला तरी काम भागतं.

यात मोज्याचा पातळपणा कामी येतो. माझे १८ गेजचे आहेत. गेज म्हणजे इंचात किती सुयांनी विणलंय ते. आकडा जितका मोठा तितका मोजा पातळ. १३ गेजचेही घालून पाहिले होते, त्यात कॉलरमध्ये शिवलेलं सिमकार्ड कळेना. १८ मध्ये कळतं. तंबाखूची पुडी, घडी घातलेली नोट, चपलेच्या तळव्यात कापून केलेली खाच, हे सगळं मोजा न काढता लागतं. जुन्या कापडी मोज्यांचा मूळ तोटा हाच होता. काही जाणवायचं नाही, म्हणून नेमक्या संशयाच्या जागी माणूस मोजा काढून उघडं बोट घालायचा.

टिकाऊपणाचं सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीच्या मधला सांधा पहिल्यांदा गेला. सगळ्यांचा तिथंच जातो. किल्ल्यांचा जुडगा दिवसभर तिथं घासतो. त्याच्या थोडं आधी तर्जनीच्या टोकाचं लेपन पापुद्रे निघाल्यासारखं सुटायला लागलं होतं. कापडाला मात्र कुठंही चीर नाही, आणि दोन वेळा तरी ब्लेड मोज्यावरून ओरखडा काढून गेलंय, पाठीवर पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. एका ड्युटीपुरतं बोलायचं तर पावसाळ्यात त्रास नाही. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात गेटवर उभं राहिलं की दहा मिनिटांत आतून हात ओला होतो. त्यावर उपाय सापडलेला नाही. दोन जोड्या आलटून पालटून वापरतो एवढंच.

धुण्याबद्दल सावध. यातलं मुख्य सूत एचपीपीई, म्हणजे खास जातीचं पॉलिथिन. ते दीडशे अंशांच्या आत वितळतं. कोमट पाणी आणि साधी पावडर, मग सावलीत वाळवणं. उकळतं पाणी नको, इस्त्री तर नकोच. तुमचे मोजे पिवळ्या अ‍ॅरामिड सुताचे असतील तर ब्लीचही टाळा, त्यानं ते सूत कमजोर होतं. शिवाय काळा रंग घेऊ नका. मळत नाही म्हणून सगळे काळा उचलतात. पण रक्ताचा डाग पडलेला कळायला मोजा करडा किंवा फिका हवा.

आणखी एक उणीव. मनगटाची पट्टी आखूड आहे. हात पुढं केला की शर्टाची बाही वर सरकते आणि दोन बोटं मनगट उघडं पडतं, नेमकं शिरा असतात तिथं. त्याच सुताच्या वेगळ्या बाह्या मिळतात, कोपरापर्यंतच्या. त्याही घ्या. मोज्यांइतक्याच उपयोगाच्या आहेत.

विणलेला मोजा पाणी अडवत नाही, तसं रक्तही अडवत नाही. म्हणून आत दवाखान्यातला निळा नायट्राइल मोजा घालतो. मारामारी सोडवताना, कुणी स्वतःला कापून घेतलं असताना त्याचा खरा उपयोग. रजिस्टर, फोन आणि चहाच्या कपाला हात लावायच्या आधी दोन्ही काढायचे, आतली बाजू बाहेर उलटून. हे कुणी करत नाही. बायोमेट्रिकच्या यंत्राला तर सगळे मोजे तोंडानं ओढून काढून अंगठा लावतात.

आणि सुई टोचलीच तर? बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं, वरिष्ठांना सांगून नोंद करून घ्यायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. सांगलीत सिव्हिल आहे, मिरजेला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या पहिल्या काही तासांत सुरू झालेल्या सगळ्यात चांगल्या, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. बाधित सुईनं एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, कितीतरी जास्त. लस मात्र आहे. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. मोज्यावर साडेतीनशे घालणाऱ्या किती जणांनी ही लस पूर्ण केलीय, आपापल्या गार्डरूममध्ये विचारून बघा. आमच्यात पहिला डोस बऱ्याच जणांचा झालेला, तिसरा मोजक्यांचा.

चाकूपासूनच्या जॅकेटबद्दल लोक विचारतात. मी वापरलेलं नाही, फक्त चढवून पाहिलंय, म्हणून थोडक्यात. बुलेटप्रूफ वेगळं, चाकूचं वेगळं आणि सुळ्याचं, म्हणजे टोकदार सळईसारख्या हत्याराचं, आणखी वेगळं. एनआयजे या अमेरिकी संस्थेच्या ०११५ या मानकात पात्याचा वर्ग आणि सुळ्याचा वर्ग स्वतंत्र आहेत. एकात उतरलेलं जॅकेट दुसऱ्यात उतरेलच असं नाही. जेलमध्ये घासून केलेली हत्यारं बहुधा टोकदार, तेव्हा सुळ्याचा वर्ग लिहिलेला नसेल तर वजन वागवण्यापलीकडं फायदा दिसत नाही.

मास्कचं तर एकाच वाक्यात. क्षयाच्या पेशंटला दवाखान्यात न्यायचं असेल तर एन९५ घाला, आणि दाढी असेल तर तो मास्क कडेनं बसत नाही.

ज्यांच्या हातात मागणीपत्र असतं त्यांना एक विनंती. 'हातमोजे, जोड्या अमुक' असं लिहून पाठवलं की बागकामाचे येतात, नाहीतर वेल्डिंगचे. सगळ्यांना एकाच मापाचे, तेही मोठ्या. त्याऐवजी ओळीत लिहा : ईएन ३८८:२०१६, कापण्याची पातळी डी किंवा वर, १८ गेज, पीयू लेपन, फिका रंग, मापं ८, ९, १० वेगवेगळी. सुईसाठीचे हवे असतील तर एएसटीएम एफ२८७८ ची ओळ वेगळी, आणि ते ठरावीक झडतीपुरते दोन-तीन जोड्याच मागवा. माप काढायला तळहाताचा घेर टेपनं मोजा, अंगठा सोडून, इंचात जो आकडा येईल तेच माप. माझं नऊ आहे.